पंच्याऐंशीच्या आत

४ फेब्रुवारी

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "जे जे तोंडात जाईल ते लिहून ठेवा. आणि खोटं लिहू नका, वाचणार तुम्हीच आहात." म्हणून ही वही. लेकीने आणून दिली. कव्हरवर फुलपाखरं आहेत. छप्पन्न वर्षांच्या बाप्याला फुलपाखरं!

आजचं वजन एकशे चार किलो दोनशे ग्रॅम. सकाळी दोन उकडलेली अंडी, एक टोस्ट, बिनसाखरेचा चहा. दुपारी भाजी, दही, काकडी. संध्याकाळी सूप आणि पुन्हा काकडी. ही काकडी माझ्या राशीला बसली आहे.

आता लिहायलाच बसलोय तर सगळं लिहितो. मी ट्रकांची वजनं करतो. हमरस्त्याला लागून आमचा वजनकाटा आहे. ट्रक रिकामा येतो, मग भरून येतो, मधला फरक म्हणजे माल. एकतीस वर्षं झाली या कामाला. ड्रायव्हर लोक काय काय युक्त्या करतात! क्लीनरला केबिनमध्ये झोपवतात, एक चाक हळूच काट्याच्या बाहेर ठेवतात. मी सगळ्यांना ओळखून आहे. माझ्या पावतीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. फक्त माझं स्वतःचं वजन तेवढं माझं ऐकत नाही.

हिला गुडघा बदलायचा आहे. सर्जनने सांगितलं, पंच्याऐंशीच्या आत या, मग तारीख देतो. तेव्हा ही अठ्ठ्याण्णव होती. आठवड्याला एक इंजेक्शन घेते, आता त्र्याण्णव-चौऱ्याण्णवला आली. माझ्या धाकट्या भावाने तेच सुरू केलं, त्याचे सोळा किलो गेले. मीही मागितलं होतं. डॉक्टरांनी माझी जुनी फाइल उघडली आणि मिटली. तीन वर्षांपूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन मी मरता मरता वाचलो होतो, तेव्हा हे औषध मला चालणार नाही. "तुम्ही नुसत्या आहारावर करा," म्हणाले. नुसत्या! त्यांचं काय जातंय बोलायला.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी सकाळी आमच्याकडे वजन असतं. आधी ही, मग मी. आमचा घरचा काटा म्हणजे दुकानातलं डबडं नव्हे. किराणावाले पोती ठेवतात तसला छोटा प्लॅटफॉर्म आहे, मी स्वतः निवडून आणलेला. ही त्यावर चढताना भिंतीला धरते आणि आकडा यायच्या आत डोळे मिटते. मग मला विचारते, "किती?"

आज म्हणालो, "त्र्याण्णव." ती एकदम खूश. मला मात्र शंका आली. काल कामावरून वीस किलोचं तपासणीचं वजन गाडीतून आणलं होतं, ते ठेवून पाहिलं. काटा शंभर ग्रॅम कमी दाखवत होता. मी रीतसर जुळवला आणि तिला परत उभं केलं. त्र्याण्णव पाचशे.

"अहो, पाच मिनिटांत अर्धा किलो वाढले?" तिचा चेहरा एवढासा झाला.

"वाढली नाहीस. खरं काय ते आता दिसलं."

माझं बरोबरच होतं. तरी तिचा चेहरा पडलेला पाहून मला जरा बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो, कारण बाईंनी खोटं लिहू नका म्हटलंय. असं का वाटलं कळलं नाही. बहुतेक काम नीट झाल्याचं समाधान असावं.

९ फेब्रुवारी, रविवार

हिला सुईची भयंकर भीती. त्यामुळे दर रविवारी नाश्त्याआधी मीच टोचतो. ती तोंड फिरवते, माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरते आणि म्हणते, "झालं?" मी म्हणतो, "अजून लावलंच नाही." तेव्हा झालेलं असतं.

आज म्हणाली, "एप्रिलअखेर ऑपरेशन झालं तर नव्या सत्राला मी वर्गात असेन." ती पहिलीला शिकवते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जिने चढवेनात म्हणून रजेवर आहे. मुख्याध्यापिका बाईंनी नव्या सत्रापर्यंत तिची जागा राखून ठेवली आहे, पुढे नाही. सर्जन मे-जून बाहेरगावी आहेत. ७ एप्रिलपर्यंत पंच्याऐंशीच्या आत आल्याचं कळवलं तर एप्रिलअखेरची तारीख, नाहीतर थेट जुलै. म्हणजे सगळा खेळ आठ-नऊ आठवड्यांचा.

"होईल गं," मी म्हणालो. खरंच होईल असं दिसतंय. आठवड्याला किलो, न चुकता. काही न करता!

२२ फेब्रुवारी, शनिवार

ती एक्क्याण्णव चारशे. मी एकशे चार. अठरा दिवसांत दोनशे ग्रॅम. एवढं तर मी रडलो असतो तरी उतरलं असतं.

सकाळी अंडी, टोस्ट. दुपारी भाजी, थोडा भात. संध्याकाळी सूप, काकडी. शिवाय हिच्या ताटातलं उरलेलं. ती चार घास खाते आणि ताट सरकवते. "बास, पोट भरलं." पोट भरलं! मला हे वाक्य म्हणून वर्षं लोटली. अन्न टाकवत नाही, म्हणून ते मी संपवतो. पण ते एरवी लिहीत नाही, कारण वाढलेलं तिला असतं.

धाकटा आला होता. नवी पँट, नवा पट्टा, आणि गालांच्या जागी गाल नाहीत. मला म्हणतो, "दादा, तू फक्त मनावर घे." इंजेक्शन घेणारा मला मनावर घ्यायला सांगतो! मी म्हणालो, "मनावरच घेतोय, तुला दंडावर घ्यायची सोय आहे."

ही खो खो हसली. धाकटाही हसला. मीही हसलो. नंतर बाथरूममध्ये जाऊन उगाच पाच मिनिटं नळ सोडून उभा राहिलो. सख्खा भाऊ आहे माझा. लहानपणी याला मी खांद्यावर घेऊन फिरलोय. त्याचं बरं झालं तर माझ्या पोटात का दुखावं?

८ मार्च, शनिवार

या आठवड्यात मी जीव तोडून केलं. टोस्ट बंद. भात बंद. चहाबरोबर एक बिस्किट असायचं, तेही बंद. बुधवारी काट्यावर चक्कर आली, वाळूच्या ट्रकवाल्याने पाणी दिलं.

आजचं वजन एकशे चार पाचशे. वाढलं.

ती एकोणनव्वद शंभर. "नव्वदच्या आत!" असं ओरडली आणि मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. मग आम्ही बँकेत गेलो. तिथे नऊ पायऱ्या आहेत. गेली चार वर्षं ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चढते. मी एक पायरी पुढे आणि खांदा जरा खाली. आज मी खांदा खाली करून उभा, आणि ही कठड्याला धरून आपली आपण वर. वरून म्हणते, "या ना, काय थांबलात?"

आनंदाची गोष्ट आहे. मला राग आला. कशाचा आला ते दिवसभर शोधतोय. भुकेचा असेल.

११ मार्च

आज एक गोष्ट केली. लिहू की नको कळत नाही. पण ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

कामावर लहान वजनांची एक पेटी आहे. ती घरी आणली. ही दुपारी व्यायामाच्या बाईंकडे गेली होती. दहा, पाच, दोन, दोन, मग पाचशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम, पन्नास ग्रॅम. सगळं मिळून पावणेवीस. ते काट्यावर ठेवलं आणि काट्याला सांगितलं की हे वीस आहे. काटा बिचारा सांगाल ते मानतो. आता तो प्रत्येक वीस किलोला पाव किलो जास्त धरेल. तिच्या वजनाला साधारण एक किलो.

एका किलोने काय होतंय? एकच आठवडा. तिलाही कळू दे, सगळं करून काटा हलला नाही की कसं वाटतं. मग परत जुळवीन.

पेटी बंद करताना वजनं चुकीच्या खाचांत बसवली. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

तिने डोळे उघडले. "किती?"

"एकोणनव्वद शंभर."

"तेवढंच? काहीच नाही?"

"होतं असं कधी कधी."

ती काट्यावरून उतरली आणि पलंगाच्या कडेवर बसली. मला वाटलं रडेल. पण म्हणाली, "अहो, तुमचं दर आठवड्याला असंच होत होतं ना? आणि मी आपली नाचत होते. मला कधी सुचलंच नाही." माझा हात हातात घेतला. म्हणाली, संध्याकाळी दोघं चालायला जाऊ, तिला झेपेल तेवढं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेलो आणि आलो. ती माझ्या दंडाला धरून होती. शाळेतल्या गमती सांगत होती. एक पोरगं म्हणे पेन्सिलींना नावं देऊन हजेरी घ्यायचं. किती दिवसांनी एवढ्या गप्पा झाल्या. मी खूप खूश होतो. खूश असायला नको होतं, एवढं मला कळतंय.

२२ मार्च, शनिवार

अठ्ठ्याऐंशी शंभर. म्हणजे खरे सत्त्याऐंशी. ती "हललं बाई एकदाचं!" म्हणाली आणि संध्याकाळी चालायला नको म्हणाली, लेकीशी फोनवर बोलायचं होतं. मी एकटाच जाऊन आलो.

माझं आता कामावरच्या पोत्यांच्या काट्यावर करतो, घरच्याचा भरवसा नाही. एकशे दोन आठशे! पावणेदोन किलो उतरलेत. मी तर काही वेगळं करत नाही. जेवण तेच. फक्त हिने आताशा वाढून घेणंच कमी केलंय, ताटात काही उरत नाही.

ही बातमी कोणाला सांगू? घरचा काटा मला एकशे चार दाखवतो.

२५ मार्च

पेटी परत आणली. पन्नास आणि दोनशेची वजनं काढून टाकली. साडेएकोणीसला काटा आता वीस म्हणतो.

का, ते लिहीत नाही. लिहिण्यासारखं कारण सापडत नाही.

२८ मार्च

भंगारवाला ट्रक आला होता. क्लीनर ताडपत्रीखाली झोपवलेला. मी ओळखला आणि खाली उतरवला. ड्रायव्हर हसत म्हणाला, "साहेब, साठ किलोनं काय होतंय? एवढ्या ढिगात कोणाला कळतंय?"

मी त्याला इतकं झापलं की शेजारच्या टपरीवरचे लोक बाहेर आले. "काट्यावर एकदा खोटं चाललं की काटा कशाला म्हणायचा? कढई म्हणा!" असं काहीतरी ओरडलो. मग खोलीत येऊन पुढच्या ट्रकच्या पावतीवर कालची तारीख टाकली. मालक म्हणाले, "बरं नाही का? घरी जा."

घरी गेलो नाही.

२९ मार्च, शनिवार

परत अठ्ठ्याऐंशी शंभर. खरे पंच्याऐंशी नऊशे.

तिने आज दुपारी जेवणच केलं नाही. म्हणाली, भूक नाही. पण भाजी ढवळताना वाफेकडे बघत होती. मी म्हणालो, "अगं खा, असं उपाशी राहून काही होत नाही." माझ्या आहारतज्ज्ञ बाईंचं वाक्य होतं.

संध्याकाळी चालताना मध्येच थांबली. "माझ्या वर्गाचं काय होईल हो?" एवढंच. मी दंड घट्ट केला आणि म्हणालो, "मी आहे ना." बोलून झाल्यावर वाटलं, नेमका मीच आहे. त्या रस्त्यावर झाडाखाली एक बाक आहे, तिथे बसलो. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला तिथून उठूच नये असं वाटत होतं.

१ एप्रिल

सव्वाएकोणीस. आता शेवटचं. यानंतर पेटीला हात लावणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

काटा म्हणाला अठ्ठ्याऐंशी. मी खोलीत जाऊन कागदावर मांडलं. दोनदा मांडलं. चौऱ्याऐंशी सातशे.

म्हणजे ती आत आहे. आज, या क्षणी, पंच्याऐंशीच्या आत आहे, आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडते आहे की आत येत नाही.

परवा सात तारीख.

तिने दुपारी नर्सला फोन केला. वजन तीन आठवडे जवळजवळ अडकलंय म्हणून सांगितलं. नर्सने डॉक्टरांना विचारलं, आणि उद्यापासून डोस वाढवायला सांगितला. मी समोर पेपर धरून बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. तिने विचारलं, "काय?" मी म्हणालो, "पाणी देतेस का?"

माझं कामावरचं वजन एकशे एक शंभर. घरच्या काट्यावर एकशे पाच. ती म्हणाली, "तुमचं तर वाढतंच आहे हो. बघा ना, आपण दोघं कसे सारखे." मला सांगावंसं वाटलं, नाही गं, माझे साडेतीन किलो उतरलेत. तेही सांगता आलं नाही. आपल्याच हाताने मी आपली एकुलती एक चांगली बातमी पुरली.

६ एप्रिल, रविवार

तिने बाही धरली. "झालं?"

हातात नवी, जास्तीची मात्रा होती. मी ती बराच वेळ उजेडाकडे धरून बघत बसलो. आत बुडबुडे नव्हते.

"अहो, झालं का?"

"अजून लावलंच नाही," मी म्हणालो. तेव्हा खरंच लावलं नव्हतं. मग लावलं.

उद्या कामावरून पेटी आणतो. दुपारी हळूच येऊन काटा सरळ करतो. मग तिला म्हणतो, सहज उभी राहा बघू जरा. ती आपोआप आत येईल. मग सर्जनच्या दवाखान्यात फोन. सगळं सुरळीत होईल आणि कोणाला काही बोलावं लागणार नाही.

७ एप्रिल

भंगाराच्या ट्रकांची रांग लागली. चोवीस ट्रक. मालक स्वतः येऊन उभे, जागचं हलता येईना. पेटी घेऊन घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते.

तिने अकरालाच फोन करून टाकला होता. "मी खरं ते सांगितलं," म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी. खोटं कशाला सांगायचं? ऑपरेशनच्या टेबलावर कळणारच. जुलै म्हणाले."

काही खात नाही. मळमळतंय म्हणाली. पेटी गाडीतच आहे.

९ एप्रिल

कालपासून उलट्या. पाणीही टिकत नाही. नर्स फोनवर म्हणते, डोस वाढला की होतं असं, घोट घोट पाणी द्या. मी घोट घोट देतोय. लेक आली आहे. तिने विचारलं, "आईने खाणं केव्हापासून सोडलंय?" मला तारीख माहीत होती. २९ मार्च. ती मी या वहीत लिहिली आहे.

११ एप्रिल

सकाळी ती बाथरूमच्या दारात कोसळली. मी उचलली. मी उचलू शकलो, इतकी हलकी झाली आहे.

इस्पितळात सलाइन लावलं. नर्सने चाकाच्या खुर्चीसकट वजन घेतलं, खुर्चीचं वजा केलं. आमचीच पद्धत. म्हणाली, "एक्क्याऐंशी नऊशे."

लेक ओरडलीच, "आई! अगं तू तर केव्हाच आत आहेस! उलट्यांनी फार तर दोन-तीन किलो गेले असतील. घरचा काटा बिघडलाय. बाबा, सेल गेले असणार त्याचे."

ही डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "यांचा काटा बिघडत नाही."

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. लेकीने मला सोन्यासारखी सबब दिली होती. सेल गेले. तेवढंच म्हणायचं होतं. एवढ्या दिवसांत इतकं सोपं खोटं समोर आलं नव्हतं. पण मला ते बोलता येईना. माझ्या काट्याचे सेल मी कधी जाऊ देत नाही.

"सेल नाही गेले," मी म्हणालो. "मी केलं."

"किती वेळा?"

"तीनदा."

"कधी?"

मी तारखा सांगितल्या. ती ऐकत होती, नंतर बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे शनिवारी मी आत होते. फोन केला त्याच्या दोन दिवस आधी."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"रविवारी टोचताना?"

मी मान हलवली. तिने विचारलं, "का?" मी खूप प्रयत्न केला. तुझं सोपं होतं म्हणून. धाकट्याने पँट घेतली म्हणून. तू बँकेच्या पायऱ्या एकटी चढलीस म्हणून. एकही कारण तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. म्हणालो, "माहीत नाही."

तिने भिंतीकडे तोंड केलं. लेक मला बाहेर घेऊन गेली. दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आता थोडा वेळ आत येऊ नका." मी कॉरिडॉरमध्ये बसलो. तिथेही एक काटा होता, भिंतीशी. येणारे-जाणारे उगाच चढून बघत होते.

१५ एप्रिल

काल घरी आली. तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी औषध काही दिवस बंद ठेवलंय. सर्जनच्या दवाखान्यात लेकीने हातापाया पडून बघितलं, एप्रिल भरला आहे. १७ जुलै.

दुपारी तिने मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. मी बाहेरच्या खोलीत होतो. ती म्हणत होती, "नाही बाई, वजन वेळेत उतरलंच नाही. माझाच आळस, दुसरं काय. तुम्ही वर्ग त्या नव्या मुलीला देऊन टाका. चुणचुणीत आहे, मुलांना लळा लावील." मग थोडी हसली. तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण म्हणाली, "घरी? घरी सगळे छान आहेत."

मी आत गेलो. म्हणालो, "माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस?"

"तुमच्यासाठी नाही बोलले," ती म्हणाली. "सांगायची लाज वाटली मला. चोवीस वर्षं मी त्या बाईंना तुमचं कौतुक सांगितलंय."

फोन जागेवर ठेवला, चष्मा पुसला आणि वहिनीला बरं आहे का म्हणून विचारायला तेवढ्यात आलेल्या धाकट्यासाठी चहा टाकायला उठली. धाकट्याला काही माहीत नाही. तो मला म्हणाला, "दादा, उतरलास रे तू! काय केलंस?" मी त्याला चहात साखर किती ते विचारलं.

१९ एप्रिल, शनिवार

काटा नीट जुळवला. वीसला वीस. ती त्याच्याकडे बघतही नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन वजन करते, तिथल्या मशिनची चिठ्ठी टेबलावर होती. ते मशीन फार तर बरं, चारशे ग्रॅम इकडेतिकडे. सांगणार होतो. चिठ्ठी होती तिथेच ठेवली.

बोलते माझ्याशी. जेवण तयार आहे, दूध आणा, बिल आलंय. कोणाला काही कळणार नाही इतकं नीट बोलते. भांडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

१६ जुलै

तीन महिन्यांनी वही उघडतोय. लिहायला होतं काय? नवं सत्र सुरू झालं तेव्हा ती सकाळी खिडकीशी उभी होती. समोरून दप्तरं घेतलेली मुलं चालली होती. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी." ती म्हणाली, "पुढच्या वर्षी ती जागा रिकामी नसेल." त्यानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलेलं नाही.

मी अठ्ठ्याण्णववर आलोय. ती ताट सरकवते तेव्हा उरलेलं मी आता डब्यात भरून ठेवतो, एवढं एक समजलं. बाकी मला अजून स्वतःचा पत्ता लागत नाही. इतका हेवा माझ्यात कुठे होता, आणि होता तर एकतीस वर्षं मी कसं कोणाचं किलोभरही इकडचं तिकडे केलं नाही? का मला परक्या माणसांशीच खरं वागता येतं? विचार करत बसलो की डोकं बधिर होतं.

उद्या ऑपरेशन. सकाळी सहाला निघायचं. गेल्या आठवड्यात तिने सांगितलं, लेक सोबत राहील. मी विचारलं, "आणि मी?"

ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "तुम्ही काय म्हणून येणार ते आधी ठरवा."

आठ दिवस ठरवतोय. नवरा म्हणून, असं म्हणायला जीभ रेटेना. ती विचारेल, कुठला नवरा? आज संध्याकाळी ती पिशवी भरत होती, रिपोर्ट, चपला, चष्म्याची डबी. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"गाडी मी चालवतो," म्हणालो. "तेवढं म्हणून येतो."

तिने पिशवीची चेन लावली. माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे, नवीन माणसाकडे बघतात तसं.

"बरं," म्हणाली. "मी मागे बसेन."